कृष्णेच्या खोऱ्यातली जेलीफिश

समुद्राच्या तळाशी स्पंजाच्या अंगावर समुद्रपुष्पांसारखे दिसणारे, काही मिलिमीटर उंचीचे प्राणी दाटीवाटीने राहतात. ही झोअँथिड मंडळी. त्यांचे पॉलिप, म्हणजे एकेकटी फुलासारखी शरीरे, वेगवेगळे दिसले तरी खालून एकाच ऊतीने जोडलेले असतात, म्हणजे सगळी मिळून एक वसाहत. भूमध्य समुद्रातला पिवळा पॅराझोअँथस ॲक्झिनेली त्यांतला सर्वांत ओळखीचा. हे स्पंजाचे पाहुणे की बांडगुळे? कॅरिबियन समुद्रातल्या प्रयोगांची उत्तरे दोन्हीकडे झुकतात. एका जातीच्या सोबतीमुळे मासे स्पंजाला टाळतात, तर दुसरीमुळे स्पंजाची पाणी खेचण्याची ताकद घटते. म्हणून या सगळ्यांना सरसकट परजीवी ठरवणे मला पटत नाही.

मिरजेला समुद्र नाही. पण या पॉलिपांचे दूरचे नातेवाईक कृष्णेच्या वरच्या अंगाला सापडले आहेत, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत आहे. मिरजेच्या कृष्णाघाटावर येणाऱ्या पाण्यात संगम माहुलीला मिळालेली वेण्णा असते, कऱ्हाडला मिळालेली कोयना असते. या दोन्ही नद्यांतून १९११-१२ च्या सुमारास शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी गोड्या पाण्यातली जेलीफिश मिळवली. मालवणात १८८४ साली जन्मलेले आघारकर तेव्हा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन ॲनंडेल यांनी तिचे नाव ठेवले लिम्नोक्निडा इंडिका. तोवर हा वंश फक्त आफ्रिकेतला समजला जाई. १९१२ साली 'नेचर'ने या शोधाची दखल घेतली.

आघारकर पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणूनच गाजले. कलकत्ता विद्यापीठात ते प्राध्यापक झाले आणि १९४६ साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली. तिच्या संशोधन संस्थेला आज त्यांचेच नाव आहे. जेलीफिश मात्र त्यांच्या चरित्रात एका ओळीची धनी होऊन राहिली, याचे मला वाईट वाटते.

कारण १९१३ साली त्यांनी या प्राण्याच्या नेमक्या अधिवासावर स्वतंत्र टिपण लिहिले. उन्हाळ्यात नदीची धार आटते आणि डोह उरतात. जेलीफिशची नाण्याएवढी पारदर्शक छत्री अशाच पाण्यात तरंगताना दिसते. पण छत्री ही या प्राण्याची केवळ एक अवस्था. याच गटातल्या क्रॅस्पेडाकुस्टा या गोड्या पाण्यातल्या जेलीफिशचा पॉलिप जेमतेम मिलिमीटरभराचा, संस्पर्शक नसलेला. तो दगडाला चिकटतो, अंगावर नवे मुकुल धरतो आणि इवली वसाहत करतो. छत्री दिसली नाही म्हणून प्राणी संपला असे म्हणता येत नाही. तो पॉलिपच्या रूपात दगडावर असू शकतो.

आता कोयनेवर शिवसागर आहे, वेण्णेवर कण्हेरचे धरण आहे. उन्हाळ्यात खालच्या डोहात किती पाणी राहील हे आज विसर्गावर ठरते. मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा इथल्या प्राणिशास्त्र विभागांनी एप्रिल-मे महिन्यांत या नद्यांचे दगड भिंगाखाली तपासावेत, असे मला मनापासून वाटते. पाण्याचे तापमान, प्रवाह आणि प्राणी दिसल्याची तारीख यांची नोंद दरवर्षी एकाच डोहाजवळ ठेवली, तरी आघारकरांच्या टिपणाशी ताडून पाहायला काहीतरी हाती येईल.