माळ्यावरच्या निगेटिव्ह फेकू नका! रोलवरचे जुने फोटो स्कॅन करून पुन्हा कागदावर कसे आणायचे? वाचा सविस्तर

मोबाइल येण्याआधी गावात एखाद-दुसराच कॅमेरावाला असायचा. कुणी शाळेत गुरुजी, कुणी बँकेत, कुणी एसटीत नोकरीला. धंदा म्हणून नाही, हौस म्हणून गळ्यात कॅमेरा. गावात आलेल्या पहिल्या ट्रॅक्टरची पूजा, जत्रेतली पालखी, शाळेचं गॅदरिंग, शेजारचं लग्न असं सगळं त्याच्या रोलवर यायचं. 36 फोटोंचा रोल जपून वापरायचा आणि भरला की तालुक्याच्या स्टुडिओत धुवायला टाकायचा. प्रिंट ज्याच्या त्याच्या घरी गेल्या, निगेटिव्ह मात्र या हौशी माणसाच्या ट्रंकेतच राहिल्या.

आज त्यातल्या कितीतरी प्रिंट विटल्या, अल्बमला चिकटल्या किंवा हरवल्या. निगेटिव्हवरून थेट प्रिंट काढणारी डार्करूमही आता सहजी सापडत नाही. त्यामुळे हौशी फोटोग्राफर वेगळा रस्ता धरतात. फिल्म जुनीच, पण स्कॅन करून ती कॉम्प्युटरवर घ्यायची आणि प्रिंट डिजिटल काढायची. आजही हौसेने रोलवर फोटो काढणारेही हाच रस्ता वापरतात. काम अवघड नाही, पण काही गोष्टी आधी माहीत नसल्या तर पैसे जातात आणि फोटो बिघडतो.

आधी निगेटिव्ह तपासा

पाकीट उघडल्यावर पहिला वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा पाया, म्हणजे अॅसिटेट, कुजायला लागला आहे असं समजा. उष्णता आणि दमटपणा यामुळे ही कूज वाढते आणि त्या वाफेने शेजारच्या चांगल्या फिल्मही खराब होतात. अशा पट्ट्या लगेच वेगळ्या ठेवा आणि सगळ्यात आधी त्याच स्कॅन करा.

पावसाळ्यात ट्रंकेत ओल शिरली की बुरशी धरते. ती दिसली म्हणून निगेटिव्ह पाण्याने धुवू नका. चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर बुरशीने कमजोर झालेला असतो, पाण्यात तो विरघळून फोटोच निघून जाऊ शकतो. साधी धूळ असेल तर हवेचा फुगा आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. पट्टी धरताना बोटं फक्त कडेला लावायची.

स्कॅनर की कॅमेरा?

झेरॉक्सच्या दुकानातल्या साध्या स्कॅनरवर निगेटिव्ह ठेवली तर जवळजवळ काळी पट्टीच मिळते. कारण निगेटिव्हमधून प्रकाश आरपार जावा लागतो. त्यासाठी झाकणात दिवा असलेला फिल्म स्कॅनर लागतो.

तो नसेल आणि घरी डिजिटल कॅमेरा व मॅक्रो लेन्स असेल, तर निगेटिव्हचाच फोटो काढता येतो. खाली पांढऱ्या प्रकाशाचं एलईडी पॅनल, त्यावर सपाट धरलेली पट्टी आणि वर स्टँडला लावलेला कॅमेरा. कॅमेरा आणि पट्टी अगदी समांतर हवेत, नाही तर एक कोपरा धूसर येतो. खोलीत अंधार करायचा, पट्टीच्या आजूबाजूचा उजेड काळ्या कागदाने झाकायचा, आयएसओ कमी ठेवायचा आणि बटण हाताने न दाबता टायमर लावायचा. मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनवर पट्टी थेट ठेवली तर स्क्रीनचे ठिपके फोटोत उतरतात. मध्ये अंतर आणि दुधी अॅक्रिलिक हवं.

डीपीआयचं साधं गणित

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. नेहमीच्या 35 मिमी रोलची एक फ्रेम 36 बाय 24 मिमी असते, म्हणजे लांबीला साधारण 1.4 इंच. ती 2400 डीपीआयने स्कॅन केली तर लांबीत सुमारे 3400 ठिपके मिळतात. चांगल्या प्रिंटला इंचाला 300 ठिपके धरतात, म्हणजे प्रिंट 11 इंचांपर्यंत खणखणीत येते. 8 बाय 12 लाही ते चालून जातं. 1200 डीपीआयवर मात्र 4 बाय 6 च्या पुढे जाऊ नये.

पूर्वी घरोघरी दिसणाऱ्या आग्फा क्लिक 3 सारख्या कॅमेऱ्यात 120 चा रोल लागायचा आणि त्यावर 12 चौकोनी फोटो यायचे. ती निगेटिव्ह मोठी, त्यामुळे त्याच डीपीआयवर ठिपके जास्त मिळतात. पण त्या कॅमेऱ्याची लेन्स साधी होती. जो बारकावा लेन्सने टिपलाच नाही, तो डीपीआय वाढवून येत नाही. स्कॅनरच्या खोक्यावर छापलेला मोठा आकडाही तसाच घ्यायचा, घरगुती यंत्रं प्रत्यक्षात तेवढा बारकावा पकडत नाहीत.

रंग उलटताना

रंगीत निगेटिव्हला नारिंगी झाक असते. कॉम्प्युटरवर नुसते रंग उलटले की सगळा फोटो निळसर दिसतो. म्हणून स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कलर निगेटिव्ह' हा पर्याय निवडायचा. धूळ आणि ओरखडे आपोआप काढणारी सोयही अनेक स्कॅनरमध्ये असते, ती इन्फ्रारेड किरणांवर चालते. रंगीत निगेटिव्हवर ती छान काम करते. पण जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चित्र चांदीच्या कणांनी बनलेलं असतं. चांदी हे किरण अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजतं. तिथे ही सोय बंदच ठेवा, डाग नंतर हाताने काढा.

मूळ प्रत टिफ फाइलमध्ये ठेवा. 2400 डीपीआयची एक रंगीत फ्रेम 16 बिटमध्ये सुमारे 46 एमबी होते, म्हणजे 36 फोटोंचा रोल दीड जीबीच्या वर जातो. डिस्कवर जागा तशी ठेवावी लागेल. लॅबला देण्यासाठी जेपेगची वेगळी प्रत करायची.

प्रिंट काढायला जाताना

फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि स्कॅनिंगची सगळी मेहनत पाण्यात जाते. पेन ड्राइव्ह न्या, नाही तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

35 मिमीचा फोटो 4 बाय 6 किंवा 8 बाय 12 मध्ये पूर्ण बसतो. 8 बाय 10 मागितली तर लांबीकडून कापला जातो, आणि ग्रुप फोटोत कडेला उभी असलेली माणसंच जातात. कॉम्प्युटरचा स्क्रीन फार उजळ असेल तर तिथे चांगला दिसणारा फोटो कागदावर काळपट येतो. म्हणून आधी 4 बाय 6 ची एक नमुना प्रिंट काढा, दिवसाच्या उजेडात बघा, मगच मोठी सांगा. ब्लॅक अँड व्हाइट फोटोवर हिरवी किंवा जांभळी झाक आली तर लॅबवाल्याला तिथेच दाखवा. यंत्राची आपोआप रंग सुधारणा बंद ठेवायलाही सांगता येतं.

गावाजवळ फ्लेक्सचंच दुकान असेल तर एक लक्षात ठेवा. फ्लेक्स लांबून बघण्यासाठी असतो, त्याला कमी ठिपके चालतात. भिंतीवर फ्रेम करून लावायच्या फोटोला फोटो पेपरच हवा.

स्कॅन झालं तरी निगेटिव्ह जपा

स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह रद्दीत घालणं ही मोठी चूक आहे. हार्ड डिस्क एक दिवस बंद पडते. नीट ठेवलेली निगेटिव्ह मात्र उजेडात धरली की डोळ्यांनीही दिसते, आणि उद्या चांगला स्कॅनर आला तर पुन्हा स्कॅन करता येते. पट्ट्या पीव्हीसीच्या पिशवीत न ठेवता कागदी किंवा पॉलीप्रॉपिलीनच्या पाकिटात ठेवा. पत्र्याखालचा तापणारा माळा टाळा, कोरड्या कपाटात सिलिका जेल टाका आणि ते मधून मधून बदला. फाइलच्या दोन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे घरंच्या घरं पाण्यात गेली. एकाच कपाटात सगळं असेल तर अशा वेळी काहीच उरत नाही.

शेवटचं काम यंत्राचं नाही. चेहरा स्कॅनरमध्ये येतो, नाव येत नाही. पालखीच्या पुढे कोण चाललंय, ट्रॅक्टरला हार कोण घालतंय, हे आज गावातल्या दोन-चार म्हाताऱ्या माणसांनाच सांगता येईल. म्हणून नमुन्याच्या प्रिंट घेऊन त्यांच्याकडे जा, त्यांना नावं विचारा, आणि साल-गावासकट फाइलच्या नावात लिहून ठेवा. निगेटिव्ह अजून काही वर्षं थांबेल, माणसं थांबतीलच असं नाही.