हिरड्यांचा आजार: चिठ्ठीवरील ‘स्टेज’ आणि ‘ग्रेड’चा अर्थ

ब्रश करताना रक्त येते, तोंडाला वास येतो, मग एखादा दात हलू लागतो. वाशिमच्या शहरात काय आणि खेड्यात काय, बरेच जण ‘वय झाले’ म्हणून ते सोडून देतात. पण प्रौढांमध्ये दात हलण्यामागे बहुधा हिरड्यांचा आजार असतो. तो किती पुढे गेला, हे दंतवैद्य कसे ठरवतात?

हाड शाबूत आहे का?
दातांवर साचलेल्या जंतूंच्या थरामुळे हिरडी सुजते, तिच्यातून रक्त येते. हा जिंजिव्हायटिस. यात दाताला धरून ठेवणारे हाड शाबूत असते. दात साफ करून घेतले आणि रोज नीट ब्रश केला, तर हिरडी पूर्ववत होते. सूज खोलवर जाऊन हाड झिजू लागले की तो पेरिओडॉन्टायटिस, म्हणजेच पायोरिया. झिजलेले हाड सहसा पूर्ण भरून येत नाही. उपचाराने पुढची झीज रोखता येते.

स्टेज: किती नुकसान झाले?
सध्याचे वर्गीकरण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. खुणा असलेली बारीक सळई हिरडीत घालून आणि एक्स-रे पाहून दाताचा आधार किती सुटला ते मोजतात.
- स्टेज १: १ ते २ मिलिमीटर
- स्टेज २: ३ ते ४ मिलिमीटर
- स्टेज ३: ५ मिलिमीटर किंवा अधिक
- स्टेज ४: तितकेच नुकसान, शिवाय या आजाराने ५ किंवा अधिक दात गेलेले किंवा चावणेच बिघडलेले

ग्रेड: किती वेगाने?
‘ए’ म्हणजे सावकाश, ‘बी’ मध्यम, ‘सी’ झपाट्याने. पायोरिया असलेल्या मधुमेही रुग्णाचे एचबीए१सी ७ टक्के किंवा अधिक असेल, किंवा रुग्ण दिवसाला १० किंवा अधिक सिगारेटी ओढत असेल, तर ग्रेड ‘सी’ धरतात. खर्रा या मोजणीत नाही, पण जिथे त्याची गोळी धरता तिथली हिरडी खाली सरकते. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार लपून राहतो.

तुम्ही काय कराल?
मधुमेह असेल तर साखरेसोबत हिरड्याही तपासून घ्या. पायोरियाचा उपचार केल्यास साखरही थोडी सुधारते. दुखण्याची वाट पाहू नका. हा आजार बराच काळ दुखत नाही. रक्त दिसताच जवळच्या दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात जा. हाड शाबूत असतानाच गेलात, तर सगळे पूर्ववत होऊ शकते.