पोर्ट ऑफ स्पेन: रात्री नऊला कुठे असाल?

त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनचं नाव आमच्या पिढीला क्रिकेटमुळे पाठ आहे. 1971 च्या मार्चमध्ये तिथल्या क्वीन्स पार्क ओव्हलवर गावसकर पहिली कसोटी खेळला, 65 आणि नाबाद 67. सरदेसाईने शतक ठोकलं आणि वाडेकरच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. ती पिढी आता निवृत्त झाली. मुलं न्यू जर्सीत, टोरंटोत. तिथे गेलं की त्रिनिदादची टूम निघते आणि मग मला फोन येतो, कारण नोकरीची काही वर्षं मी तिथल्या पॉइंट लिसासला अमोनियाच्या कारखान्यात काढली आहेत. मागणी ठरलेली असते: “ओव्हलजवळ, अगदी मध्यवस्तीत एखादं हॉटेल सांगा.”

ओव्हलजवळ राहा, मध्यवस्तीत नको. या दोन वेगळ्या जागा आहेत, हे पटवायलाच पाच मिनिटं जातात.

नवीन गावी गेलं की स्टेशनजवळ, बाजारपेठेत उतरायचं, ही आपली सवय. पोर्ट ऑफ स्पेनचा मध्य म्हणजे बंदराला लागून असलेला इंडिपेंडन्स स्क्वेअर आणि तिथून उत्तरेला जाणारी फ्रेडरिक स्ट्रीट. बँका, सरकारी कचेऱ्या, कापडाची दुकानं, रेड हाउस नावाची लालभडक संसद. दिवसा पाय ठेवायला जागा नसते. पण इथे कामाला येणारे राहतात दुसरीकडे, त्यामुळे कचेऱ्या सुटल्या की तासा-दोन तासांत शटर खाली येतात आणि रस्ता ओस पडतो. पूर्वेला लागूनच लॅव्हेंटिलची टेकडी. स्टीलपॅन हे वाद्य जिथे घडलं त्या वस्त्यांतली ही एक, पण टोळ्यांच्या मारामाऱ्यांनी पोखरलेली. 2024 च्या डिसेंबरअखेर सरकारने याच टोळ्यांपायी आणीबाणी पुकारली होती. तिकडे जायचंच तर दिवसा, आणि स्थानिक माणूस बरोबर घेऊन.

म्हणून नकाशा पाहण्याआधी एकच ठरवा: रात्री नऊ वाजता तुम्ही कुठे असणार आणि खोलीवर कसे परतणार?

बहुतेकांसाठी उत्तर वुडब्रुक. शहराच्या पश्चिमेला आखीव गल्ल्यांची ही वस्ती आहे. एकेकाळी इथे उसाचा मळा होता. तो घेतला अँगोस्तुरा बिटर्सवाल्या सीगर्ट कुटुंबाने, आणि गल्ल्यांना घरातल्याच माणसांची नावं पडली: कार्लोस, लुईस, आल्फ्रेडो, पेट्रा. लाकडी जाळीच्या पडवीची बैठी घरं अजून टिकून आहेत, काहींची गेस्टहाउसं झाली आहेत. दक्षिणेला आरियापिटा अव्हेन्यूवर खाण्यापिण्याची रांग लागलेली, उत्तरेला ट्रॅगरेट रोड आणि त्यावर ओव्हल. जेवून चालत खोलीवर येता येतं, ही या शहरात मोठी चैन आहे. तरी वर्दळीचा, उजेडाचा रस्ता सोडू नका.

खोली ठरवताना मालकिणीला एक मात्र जरूर विचारा: पॅनयार्ड किती लांब आहे? म्हणजे स्टीलबँडचं तालमीचं अंगण. इन्व्हेडर्सचं ओव्हलच्या समोरच, फेज टूचं हॅमिल्टन स्ट्रीटवर. कार्निव्हलच्या आधीचे काही आठवडे तालीम मध्यरात्रीपर्यंत चालते. मी स्वतः कुंपणाला टेकून तासन्‌तास ऐकलं आहे. एकच तुकडा दहादा, मधेच मास्तर हात वर करतो, सगळं थांबतं, तो एका पोराला दोन सूर पुन्हा वाजवायला लावतो, की परत पहिल्यापासून. ऐकायला स्वर्ग. उशीखाली नको.

झोप सावध असेल तर सेंट अ‍ॅन्स, कॅस्केड किंवा मराव्हलच्या डोंगरकडेला जा. हवा गार, पक्षी भरपूर. टेकडीउतारावरच्या हिल्टनची तर लॉबी वर आणि खोल्या खाली. मात्र तिथे दरवेळी गाडी लागते. रूट टॅक्सी आपल्या शेअर रिक्षासारखी ठरलेल्या रस्त्याने धावते, पाटीचं पहिलं अक्षर एच पाहून बसायचं. पण रात्री डोंगरावर तिची वाट बघत उभं राहू नये.

माझा जीव मात्र सेंट जेम्समध्ये. ओव्हलवरून पश्चिमेला थोडं चाललं की वेस्टर्न मेन रोड लागतो आणि तो लवकर झोपत नाही. उसाच्या मळ्यावर आणलेल्या हिंदुस्थानी मजुरांची ही जुनी वस्ती. बाँबे स्ट्रीट, दिल्ली स्ट्रीट, पाटणा स्ट्रीट, गँजेस स्ट्रीट. मजूर बहुतेक भोजपुरी मुलखातले, त्यामुळे मराठी कानाला ओळखीचं काही मिळेल ही आशा नको. नेपॉल स्ट्रीटवर 26 नंबरचं घर लेखक नायपॉलांच्या वडिलांचं, मिस्टर बिस्वासच्या कादंबरीतलं घर त्यावरूनच आलं. मोहरममध्ये वेस्टर्न मेन रोडवरून ताजिये निघतात, त्याला होसे म्हणतात, आणि ताशे बडवायला सगळ्या धर्मांचे लोक असतात. शाकाहाऱ्यांची चिंता इथे मिटते. दोन मऊ तळलेल्या ‘बारा’, त्यावर रसदार चणे, काकडी, चिंच: हे डबल्स. तिखट किती हवं विचारतील तेव्हा “स्लाइट” म्हणा. आपण तिखट खाणारे म्हणून फुशारकी मारणारे नागपूरकर मी तिथे पाणी मागताना पाहिले आहेत.

कार्निव्हलच्या सोमवार-मंगळवारी हे गणित बदलतं. रस्ते बंद, गाडी निरुपयोगी, आणि जूव्हेची मिरवणूक सोमवारी पहाटे अंधारातच निघते. तेव्हा वुडब्रुकच गाठावं. भाडी अव्वाच्या सव्वा होतात आणि खोल्या कित्येक महिने आधी संपतात. पियार्को विमानतळ शहराच्या पूर्वेला पंचवीसेक किलोमीटरवर आहे. रात्री उतरणार असाल तर गाडी गेस्टहाउसकडूनच मागवा.

क्रिकेटसाठी जाणाऱ्यांनी मात्र पैसे भरण्याआधी तिकिटावरचं मैदान वाचावं. 2023 च्या दौऱ्यात कसोटी ओव्हलवर होती, कोहलीने तिथेच 121 काढल्या. पण नंतर त्रिनिदादमधला एकदिवसीय सामना टरूबाच्या ब्रायन लारा मैदानावर झाला, आणि टरूबा दक्षिणेला सॅन फर्नांडोजवळ आहे. सामना तिथे असेल तर त्या रात्रीपुरती खोली सॅन फर्नांडोत घ्या.