दाराच्या पोटातला पाऊस

कारच्या दारात पाणी शिरतं, आणि ते शिरणार हे गृहीत धरूनच दार बनवलेलं असतं. काच खाली-वर सरकायची तर तिच्या कडेला थोडी फट लागतेच. बाहेरची रबरी बीडिंग बरंचसं पाणी अडवते. उरलेलं काचेवरून ओघळत दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून रस्त्यावर पडतं. पुण्यातल्या प्रत्येक गाडीत जून ते सप्टेंबर हे चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. पत्ता लागतो तो हौसेनं बसवलेला नवा स्पीकर दुसऱ्या पावसाळ्यात खरखरायला लागला की.

ही हौस भागवणारी दुकानं शहरभर आहेत. गाडीच्या सुट्या भागांसाठी पुणेकराची पावलं आजही आधी नाना पेठेकडे वळतात. कंपनीचा स्पीकर काढून साडेसहा इंची नवा बसवायचा, तर फिटर आधी आतला डोअर पॅड उतरवतो. त्यामागे पत्र्यावर चिकट काळ्या ब्यूटाइलनं चिकटवलेली एक पातळ शीट असते. काही गाड्यांत ती प्लॅस्टिकची, काहींत फोमची. दिसायला अगदीच क्षुल्लक. पॅकिंगचं उरलेलं प्लॅस्टिक समजून ती फाडून टाकणारे फिटर आहेत आणि ते निमूट बघणारे गिऱ्हाईकही आहेत. माझ्या मते दारातल्या स्पीकरची निम्मी दुखणी इथून सुरू होतात.

त्या शीटचं काम नीट समजून घेण्याजोगं आहे. दाराचा आतला पत्रा सलग नसतो. काचेची यंत्रणा बसवता यावी म्हणून त्याला मोठमोठी भोकं असतात. शीट ती भोकं झाकते आणि तिची खालची कडा बऱ्याच गाड्यांत पत्र्याच्या आत खोचलेली असते. कौलं जशी एकावर एक चढवून पाणी पुढे ढकलतात, तशीच ही कडा उडालेलं पाणी पुन्हा दाराच्या पोटात सोडते. शीट फाटली की तेच पाणी डोअर पॅडवर येतं, तिथून गालिच्यात मुरतं आणि गाडीला कुबट वास सुटतो. आवाजाचंही नुकसान होतं. स्पीकरच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींत मिसळली की बास विरतो. दोन्ही भोगायला लागतात ते एका शीटपायी.

आता स्पीकरकडे बघा. कागदी शंकूला जोडलेली तारेची गुंडाळी चुंबकाच्या फटीत हलवायची, ही रचना अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 साली मांडली. गेल्या शंभर वर्षांत तिचा गाभा बदललेला नाही. गुंडाळी ज्या फटीत हलते तिथे दोन्ही बाजूंना मिलिमीटरभरही मोकळी जागा नसते. काळं फेराइट चुंबक स्वतः गंजत नाही, पण त्याच्या पुढच्या-मागच्या लोखंडी चकत्या गंजतात. तो गंज फुगून फटीत आला की गुंडाळी घासते आणि खरखर ऐकू येते. कागदाचा शंकू ओल पिऊन जड होतो, गुंडाळीला मधोमध धरणारी कापडी चकती सैल पडते, शंकूपर्यंत जाणाऱ्या बारीक तांब्याच्या तारा हिरव्या पडतात. म्हणून पुण्यात स्पीकर घेताना पॉलिप्रॉपिलीनचा शंकू आणि रबरी कड असलेला घ्यावा. कागदाचा आवाज गोड असतो हे खरं, पण कागदी शंकू घेतलाच तर त्यावर पाणीरोधक लेप आहे ना ते विचारावं.

पुण्याचा पाऊस वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर, म्हणजे तसा बेताचाच. पण पुणेकराची गाडी शनिवार-रविवारी ताम्हिणीत किंवा लोणावळ्यात असते, आणि एकट्या लोणावळ्यातच याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. उरलेले दिवस ती गल्लीत झाडाखाली उभी. पानं आणि माती काचेच्या फटीतून उतरून तळाची भोकं बुजवतात. मग दारात पाणी साचतं आणि दार उघडताना खळखळ ऐकू येते.

कारखान्यातून निघताना गाडीवर पाण्याचे जोरदार फवारे मारून कुठे गळतं ते बघतात. आपण डोअर पॅड उतरवला की त्या चाचणीला अर्थ उरत नाही. जाणता फिटर ती स्वतः पुन्हा करतो. पॅड लावण्याआधी काचेवर पाणी ओततो आणि धार कुठून उतरते ते बॅटरी मारून बघतो. स्पीकरखाली एमडीएफची रिंग तो देत नाही, कारण ती ओलीनं फुगते. त्याऐवजी एबीएस किंवा पीव्हीसीची देतो. चुंबकावर बंद पेशींच्या फोमची टोपी बसवतो आणि तिचा खालचा भाग कापून टाकतो. पूर्ण बंद वाटीत पाणी साठतं आणि शंकूची मागची हवा कोंडते. वायर कपलरकडे नेताना खाली झोळ देतो, म्हणजे तारेवरून आलेला थेंब तिथेच गळून पडतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तारांजवळ लावत नाही, कारण त्यातलं आम्ल तांबं खातं. पत्र्याची थरथर दाबणारी डॅम्पिंग शीट चिकटवताना तळाची भोकं मोकळी सोडतो. ही भोकं बुजवणं हा या कामातला सर्वांत वाईट अपराध. स्पीकर बदलता येतो, पण गंजून गेलेलं दार पूर्वीसारखं होत नाही.

पुराची गोष्ट वेगळी. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्यानं गाड्या वाहून नेल्या, तिथे टोपीचा उपयोग काय! गाळ एकदा चुंबकाच्या फटीत गेला की तो स्पीकर बदलावाच लागतो.

बाकीच्यांनी यंदा मे महिन्यातच दाराच्या तळाची भोकं मऊ तारेनं किंवा काडीनं साफ करावीत. आणि नवा स्पीकर बसवून घेताना दुकानाबाहेर चहाला न जाता तिथेच उभं राहावं. फिटरनं शीट उतरवली की ती कुठे ठेवली ते बघावं, आणि ती नव्या ब्यूटाइलनं, खालची कडा आत खोचून परत लागल्याशिवाय डोअर पॅड लावू देऊ नये.