आधी चिलखत की आधी तलवार?

प्राचार्यांच्या या पानावर परीक्षेचे वेळापत्रक, स्नेहसंमेलनाचा वृत्तांत किंवा गणेशोत्सवाचा जमाखर्च वाचायची आपल्याला सवय आहे. या अंकातला विषय वेगळा आहे, आणि काही विश्वस्त मंडळींना तो पोरकटही वाटेल. पण गेल्या पालकसभेत दोन पालकांनी वेगवेगळे येऊन आम्हाला एकच प्रश्न केला, "सर, मुलगा कॉम्प्युटरच्या खेळात तलवार आणि कपडे घ्यायला पैसे मागतो आहे. खेळातले कपडे म्हणजे नेमके काय?" या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता येते, याचे आमचे आम्हालाच नवल वाटते. ते आम्ही कुठल्या पुस्तकातून शिकलो नाही, आपल्याच एका विद्यार्थ्याकडून शिकलो.

गोष्ट २०२१ सालची. शाळा अजून मोबाइलवरच भरत होती. दहावीतल्या एका मुलाचे वडील बँकेचे पासबुक घेऊन आमच्या घरी आले. लहान लहान रकमा बऱ्याच वेळा गेल्या होत्या. मुलाने एका परक्या माणसाकडून खेळातले सोने विकत घेतले होते आणि त्या सोन्याने खेळातल्या लिलावघरातून हत्यारे, चिलखते घेतली होती. असे सोने बाहेरून घेणे खेळाच्या नियमांत बसत नाही, म्हणून त्याचे खातेही काही दिवसांसाठी बंद झाले होते. वडील म्हणाले, "कॉम्प्युटर उचलून फेकतो." मुलगा खाली मान घालून एवढेच म्हणाला, "सर, मी रोज हरत होतो."

आम्हाला त्या वाक्याने थांबवले. आम्ही त्याला सांगितले, पुढचे चार शनिवार तू आम्हाला शिकव. तू का हरत होतास, ते आम्हाला समजू दे. तो मुलगा आता कॉलेजात आहे. त्याला विचारूनच हे लिहीत आहोत.

खेळाचे नाव 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. अमेरिकेतल्या ब्लिझर्ड या कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये आणला. एकाच वेळी हजारो माणसे इंटरनेटवरून एका काल्पनिक जगात वावरतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, तर कोणी वैद्यासारखा जखमा भरून काढणारा, ज्याला मुले हीलर म्हणतात. जानेवारी २००७ मध्ये 'द बर्निंग क्रूसेड' हा विस्तार आला आणि त्यात अरीना, म्हणजे आखाडा, सुरू झाला. दोनास दोन, तिघांस तीन किंवा पाचास पाच अशा जोड्या एका छोट्या बंदिस्त मैदानात उतरतात आणि एका बाजूचे सगळे पडेपर्यंत लढतात. हीच जुनी आवृत्ती जून २०२१ मध्ये पुन्हा खेळायला मिळाली. आपला विद्यार्थी तीच खेळत होता. तो योद्धा, आणि दुसऱ्या शहरातला त्याचा मावसभाऊ हीलर.

आता मुख्य मुद्दा. अंगावर घालायच्या सगळ्या वस्तूंना, म्हणजे शिरस्त्राण, चिलखत, हातमोजे, अंगठ्या, हार, शस्त्र, मुले गिअर म्हणतात. प्रत्येक वस्तूवर आकडे असतात. कोणती ताकद वाढवते, कोणती जीव वाढवते. नवा खेळाडू आकडे पाहतो आणि ज्याने सर्वांत जोराचा घाव बसेल ते उचलतो. आपल्या विद्यार्थ्यानेही तेच केले होते. म्हणजे पैसे गेले ते गेलेच, वर वस्तूही चुकीच्या आल्या. क्रिकेटमध्ये पोराने सगळ्यांत भारी बॅट घ्यावी आणि पॅड न बांधता वेगवान गोलंदाजासमोर उभे राहावे, तसे.

पण ही चूक वाटते तितकी मूर्खपणाची नाही. खेळाच्या दुसऱ्या भागात, जिथे कॉम्प्युटरच्या राक्षसांशी लढायचे असते, तिथे हेच बरोबर ठरते. तिथे एक जाड चिलखताचा गडी पुढे उभा राहून राक्षसाला स्वतःच्या अंगावर घेतो, मागचे लोक निवांत घाव घालतात. मागच्यांना मार फारसा बसत नाही, तर त्यांना चिलखताची काळजी कशाला? आखाड्यात मात्र समोर माणूस असतो. माणूस जाड चिलखताच्या मागे लागत नाही. तो दोघांकडे पाहतो आणि जो लवकर पडेल त्याच्यावर तुटून पडतो. म्हणून तिथे पहिला प्रश्न "मी किती जोराने मारीन" हा नसतो. "मी किती वेळ उभा राहीन" हा असतो.

उभे राहण्यासाठी त्या आवृत्तीत दोन गोष्टी होत्या. एक स्टॅमिना. त्याच्या प्रत्येक अंकाला साधारण दहा जीवनांक वाढतात. दुसरी रेझिलिअन्स, आपण तिला चिवटपणा म्हणू. ही खास आखाड्यासाठीच बनवलेली होती. ती समजण्यासाठी आधी 'क्रिट' समजले पाहिजे. तलवारीचा काही वेळा नेहमीपेक्षा दुप्पट घाव बसतो, त्याला क्रिट म्हणतात. तो कधी बसेल हे नशिबावर असते. पातळी ७० ला चिवटपणाच्या दर ३९.४ अंकांमागे आपल्यावर क्रिट बसण्याची शक्यता १ टक्क्याने कमी होते, आणि बसलाच तर त्याचा जोर २ टक्क्यांनी घटतो.

ऐकायला हे फार किरकोळ वाटते. आम्हालाही वाटले होते. मग मुलाने आमच्या टेबलावरच्या कोऱ्या उत्तरपत्रिकेवर हिशेब मांडला. समजा शत्रूचा साधा घाव १००० चा आणि क्रिट २००० चा आहे, आणि शंभरातले २५ घाव क्रिट होतात. तर एका घावाची सरासरी १२५० पडते. आता आपल्याकडे ३९४ चिवटपणा आहे असे धरा. क्रिट २५ वरून १५ टक्क्यांवर येईल आणि त्याचा घाव २००० ऐवजी १६०० चा होईल. नवी सरासरी १०९०. म्हणजे मार जेमतेम आठव्या हिश्शाने कमी झाला.

"मग एवढ्यासाठी तलवार सोडायची?" आम्ही विचारले. तो म्हणाला, "सर, माणूस सरासरीने मरत नाही." हे वाक्य आम्ही त्याच दिवशी गणिताच्या बाईंना सांगितले.

त्याचे म्हणणे असे. मरण येते ते लागोपाठ क्रिट बसले की. हीलरला एक मोठा उपचार करायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात सगळा जीव गेला तर उपचार कोणावर करणार? पाच घावांत निदान तीन क्रिट बसण्याचा योग काढून पाहा. २५ टक्क्यांना तो शंभरातून सुमारे दहा वेळा येतो. १५ टक्क्यांना तीनहूनही कमी वेळा. शिवाय पाचातले तीन क्रिट बसलेच तर पहिल्या माणसाचे ८००० जातात, दुसऱ्याचे ६८००. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी संभाव्यतेच्या धड्यातले सूत्र लावून हे स्वतः पडताळावे, आमच्या आकड्यांवर विसंबू नये.

चिवटपणाइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे एक छोटे पदक. मुले त्याला मेडॅलियन किंवा नुसते ट्रिंकेट म्हणतात. आखाड्यात शत्रू आपल्याला नुसता मारत नाही. तो गुंगवतो, घाबरवून पळायला लावतो, मेंढीसुद्धा करून टाकतो. त्या वेळी खेळाडूच्या हातात काही उरत नाही. हे पदक वापरले की अशा बंधनातून तत्काळ सुटका होते, आणि मग दोन मिनिटे ते पुन्हा वापरता येत नाही. एकाच प्रकारचे बंधन लागोपाठ घातले तर दुसऱ्यांदा निम्मा वेळ टिकते, तिसऱ्यांदा चौथाई, चौथ्यांदा लागतच नाही. त्यामुळे पदक कोणत्या बंधनावर खर्च करायचे यातच अर्धी लढाई आहे. आपल्या विद्यार्थ्याकडे पदक नव्हतेच! दुसऱ्या मोठ्या रणांगणांत खेळून सन्मानाचे गुण मिळवायचे आणि ते देऊन हे घ्यायचे, त्याला रुपया लागत नाही. पण त्यावर ताकदीचा मोठा आकडा लिहिलेला नव्हता, म्हणून त्याने ते मागे ठेवले.

तर आधी पदक, मग सन्मानाच्या गुणांवर मिळणारे हार, अंगठी वगैरे चिवटपणाचे तुकडे, हा क्रम झाला. आखाड्याच्या खास संचातले दोन तुकडे अंगावर आले की वर ३५ चिवटपणा फुकट मिळत असे, तो सोडू नये. पण शस्त्राकडे पाठ फिरवून चालत नाही. योद्ध्याचे मुख्य घाव त्याच्या शस्त्राच्या आकड्यावरच मोजले जातात. त्यासाठी दोन हातांचे, सावकाश चालणारे पण जड घावाचे शस्त्र बरे. जादूगाराचे तसे नसते, त्याची शक्ती सगळ्या अंगावरच्या वस्तूंत वाटलेली असते, म्हणून तो शस्त्रासाठी थांबू शकतो. हीलरने आपली मना, म्हणजे उपचाराचे इंधन, किती पुरेल ते पाहावे. नुसताच चिवटपणा घालून दोघे उभे राहिले तर कोणी पडत नाही, सामना लांबतो, आणि शेवटी ज्याची मना आधी संपते तो हरतो.

योद्ध्याने पिशवीत एक ढाल आणि एका हाताचे शस्त्रही ठेवावे. लढाई चालू असताना चिलखत बदलता येत नाही, शस्त्र बदलता येते. शत्रू अंगावर आला की ढाल, मागे हटला की पुन्हा मोठी तलवार. या पिशवीतल्या ढालीचे आम्हाला विशेष कौतुक वाटले.

आणखी एक बारीक गोष्ट. आपला घाव चुकू नये यासाठी 'हिट' नावाचा आकडा असतो. मोठ्या राक्षसांसाठी तो भरपूर लागतो. पण बरोबरीच्या पातळीच्या माणसावर शस्त्राचा खास घाव चुकण्याची मूळ शक्यता ५ टक्केच आहे. तेवढी भरून काढली की वरचा हिट वाया. लिलावघरातून घेतलेल्या वस्तूंवर तो ओसंडून वाहत होता.

आता विश्वस्तांना रस वाटेल असा भाग. या आखाड्यात दर आठवड्याला संघाने निदान १० सामने खेळले तर गुण मिळत. हरणाऱ्यालाही मिळत, जिंकणाऱ्याला जास्त. त्याच मानांकनावर पाचांच्या संघाला पूर्ण गुण, तिघांच्या संघाला ८८ टक्के, दोघांच्या संघाला ७६ टक्के. हे गुण साठवून उत्तम गिअर घेता येई. इथवर न्याय होता. पण नोव्हेंबर २००७ मध्ये तिसरे सत्र सुरू झाले तेव्हा शस्त्रासाठी १८५० आणि खांद्याच्या चिलखतासाठी २००० मानांकनाची अट आली. म्हणजे जो आधीच जिंकतो त्याला अधिक धारदार तलवार. आमच्या मते हे बरोबर नव्हते. आखाड्यात वजनाचे गट असतात ते उगाच नाही. त्याच सत्रात पहिल्या सत्राचे गिअर सन्मानाच्या गुणांवर खुले केले गेले, त्याने नव्यांची थोडी सोय झाली, हेही सांगितले पाहिजे.

खेळ बनवणारेही या प्रश्नाशी झगडत राहिले. २०१२ साली आलेल्या 'गिल्ड वॉर्स २' या दुसऱ्या खेळात अशा सामन्यांपुरते सगळ्यांचे बळ सारखे करून टाकतात. कमावलेले गिअर तिथे मोजतच नाहीत. वॉरक्राफ्टच्या मुख्य आवृत्तीतून चिवटपणा २०१४ साली काढून टाकला, २०१६ साली गिअरचा प्रभाव जवळजवळ नाहीसा केला, २०१८ साली पुन्हा आणला. २०२१ साली आखाड्यासाठीचे गिअर आखाड्यात उतरल्यावर आपोआप जास्त बलवान होते, अशी योजना केली. म्हणून मुलगा कोणती आवृत्ती खेळतो हे पालकांनी आधी विचारावे. वरचे आकडे २००७ च्या आवृत्तीचे आहेत, पण "समोर माणूस आहे की यंत्र" हा प्रश्न सगळीकडे लागू पडतो.

पैशाबद्दल स्पष्ट लिहितो. या खेळाला दरमहा शुल्क आहे, ते द्यावे की नाही हे घरात बसून ठरवावे. अमेरिकेत त्याला १३ वर्षांवरील मुलांसाठी असे मानांकन आहे. मुख्य आवृत्तीत एप्रिल २०१५ पासून 'टोकन' नावाने सोने घेण्याचा अधिकृत मार्गही आहे. पण परक्या माणसाला पैसे पाठवून सोने घेणे, किंवा आपला पासवर्ड देऊन दुसऱ्याकडून सामने जिंकवून घेणे, हे नियमाबाहेरचे आहे. त्यात खातेही जाते आणि पैसेही जातात, कोणाकडे दाद मागता येत नाही. आणि सुरुवातीच्या गिअरसाठी याची गरजच पडत नाही, एवढे आपण वर पाहिलेच.

चौथ्या शनिवारी मुलाने वडिलांसमोर कागद ठेवला. पदक, हार, अंगठी, संचाचे दोन तुकडे, मग शस्त्र, आणि प्रत्येकापुढे किती दिवस लागतील. वडिलांनी बराच वेळ तो वाचला. मग विचारले, "आठवड्याला दहाच सामने पुरतात ना?" पुरतात. दोघांचा एक सामना बहुधा काही मिनिटांतच आटोपतो. तेव्हा शनिवारी दोन तास असे ठरले, आणि गेलेली रक्कम त्याच्या खाऊच्या पैशांतून थोडी थोडी वळती करायची. खेळाचे सर्व्हर परदेशात असल्याने आपल्याकडून दिलेली आज्ञा पोहोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे तो सगळ्यांच्या बरोबरीला कधी येणार नाही, हेही त्याने वडिलांना आधीच सांगून टाकले.

नवे गिअर पुरे व्हायला सात आठवडे लागले. त्याआधी दहात एखादा सामना जिंकत असत, त्या आठवड्यात चार जिंकले. तो कागद वाचनालयात बाईंकडे ठेवला आहे. ज्या पालकांना पाहायचा असेल त्यांनी मुलाला सोबत घेऊन यावे, कारण त्यावरचे बरेच शब्द आम्हालाही अजून त्यालाच फोन करून विचारावे लागतात.