अक्षरगणना : लिस्पच्या प्रारंभिक पाठासाठी एक उदाहरण

लिस्प ही संगणकभाषा जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत आखण्यास आरंभ केला. यादीचे पहिले पद आणि उरलेली यादी वेगळी करणे, ही तिची मूलभूत क्रिया होय. नवशिक्यास तीत बहुधा 'दिलेला शब्द उलटा करा' असे उदाहरण घातले जाते. रोमन लिपीत ते निर्बाध सुटते. देवनागरीत मात्र तेथेच खरा प्रश्न उभा राहतो.

'वाराणसी' हा शब्द घेऊ. युनिकोड संकेतात स्वरचिन्हांना स्वतंत्र स्थान असल्याने लांबी सांगणारे फलन ७ हे उत्तर देते. वाचकाच्या लेखी अक्षरे ४ आहेत. शब्द उलटविल्यास 'सीणरावा' न मिळता दीर्घ ईकार आरंभीच निराधार पडतो.

वाङ्मयाच्या अभ्यासकास हा भेद गौण मानता येत नाही. मोठ्या अभंगाचे चार चरण अनुक्रमे ६, ६, ६ व ४ अक्षरांचे असतात. एकनाथांनी १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केलेल्या भागवतटीकेची ओवी याहून सैल आहे. ती किती सैल, हे मोजूनच ठरेल. मोजणीच चुकली, तर तीवर उभारलेले छंदोविषयक अनुमानही ढासळते.

म्हणून उदाहरण 'अक्षरे मोजा' असे असावे. त्याची पूर्वतयारी काशीच्या परंपरेत आहेच. भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीचा आरंभ १४ माहेश्वर सूत्रांनी होतो, आणि त्यांतूनच अच् म्हणजे स्वर व हल् म्हणजे व्यंजन हे वर्ग सिद्ध होतात. विद्यार्थ्याने प्रथम शब्दाची यादी करावी. स्वतंत्र स्वर किंवा व्यंजन आल्यास १ मिळवावा, हलन्तचिन्ह आल्यास १ वजा करावा, स्वरचिन्ह, अनुस्वार व विसर्ग यांस शून्य द्यावे. रिकाम्या यादीचे उत्तर शून्य. अन्यथा पहिल्या पदाचे मूल्य अधिक उरलेल्या यादीस तेच फलन लावून आलेले उत्तर.

पडताळ्यासाठी शब्द विचारपूर्वक निवडावेत. 'आई' २, 'विश्वनाथ' ४ (व्यंजने ५, हलन्त १), 'वाक्' १. 'दुसर्‍या' या शब्दात जोडणीचे अदृश्य चिन्हही असते. त्यासही शून्य दिले, की उत्तर ३ येते. विद्यार्थ्याने ही उत्तरे आधी हाताने लिहून ठेवावीत, मगच यंत्रास विचारावे.

ही गणना लेखनातील अक्षरांची आहे, बोलण्यातील उच्चारांची नव्हे. बोलताना 'विश्वनाथ' मधील अन्त्य अकार लोपतो. अभंगाच्या मोजणीत मात्र तो गणला जातो. काय मोजावयाचे हे यंत्र ठरवीत नाही. तो निर्णय अभ्यासकाचाच, आणि तो घेण्याची सवय लावणे हाच या पाठाचा हेतू होय.