गाडी तीच की नवी?

समजा, आजोबांची जुनी स्कूटर तुमच्याकडे आलीय. इंजिन दोनदा बदललं, पत्रा नवा, सीट नवी, हेडलाइट तर कुठल्या गाडीचा होता देव जाणे! तरी घरात सगळे म्हणतात, ‘आजोबांची स्कूटर.’ मग कट्ट्यावरचा एखादा मित्र विचारतो, ‘यात आजोबांचं राहिलंय काय रे?’ आपण चिडतो, पण उत्तर पटकन सुचत नाही.

हाच प्रश्न 1990 मध्ये लंडनच्या कोर्टात गेला होता. फरक इतकाच की तिथे पणाला लागले होते 1 कोटी पौंड!

गाडी होती बेंटले स्पीड सिक्स, टोपणनाव ‘ओल्ड नंबर वन’. फ्रान्समधली ल माँ ही सलग 24 तास चालणारी शर्यत तिने 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोनदा जिंकली. दोन्ही वेळा स्टिअरिंगवर होता वुल्फ बर्नाटो. पहिल्या वर्षी जोडीला टिम बर्किन, दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टन. पुढे या गाडीत बदल होत गेले. चेसिस बदलली, मोठं 8 लिटरचं इंजिन बसलं. 1932 मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ती उतारावरून बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी जागीच गेला. उरलेल्या गाडीची पुन्हा बांधणी झाली.

मालकाने ती विकायला काढली, एका कंपनीशी सौदा ठरला. पण नंतर कंपनी म्हणाली, ‘ही ती गाडीच नाही, पैसे देणार नाही.’ प्रकरण कोर्टात. तज्ज्ञांनी एकेक भाग तपासला. 1929 च्या गाडीतलं जवळपास काहीच उरलं नव्हतं. 1930 च्या गाडीतला पेडल शाफ्ट, गिअरबॉक्सची केसिंग, स्टिअरिंग कॉलम, बस्स!

म्हणजे केस हरली? नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल मालकाच्या बाजूने दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं: ही गाडी ‘मूळ जशीच्या तशी’ नाही, हे खरं. पण ती नक्कलही नाही. ती कधी मोडीत निघून नाहीशी झाली नाही, तिच्या नावाने दुसरी गाडी उभी राहिली नाही. एकच गाडी बदलत बदलत इथवर आली. तिचा इतिहास कुठेही तुटलेला नाही, म्हणून ती अस्सल.

आता याच बर्नाटोची दुसरी गंमत ऐका. मार्च 1930 मध्ये त्याने 100 पौंडांची पैज लावली: कान शहरातून सुटणारी ‘ब्लू ट्रेन’ कॅलेला पोचायच्या आत मी गाडीने लंडन गाठतो. पैज तो जिंकला. त्या काळी बेंटले कंपनी फक्त चेसिस आणि इंजिन द्यायची. वरची बॉडी ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायचा. बर्नाटोने गर्नी नटिंगकडून उतरत्या छताची, तीनच सीटची देखणी कूपे बांधून घेतली होती. पुढे कित्येक वर्षं सगळे हीच ‘ब्लू ट्रेन’ची गाडी मानत होते. चित्रातही तीच ट्रेनशेजारी धावताना दिसते.

पण कागद बोलले. कूपे बर्नाटोच्या हातात आली मे महिन्यात, शर्यत झाली मार्चमध्ये! जी गाडी तयारच नव्हती, ती धावणार कशी? पैज जिंकली होती त्याच्या साध्या चार दारांच्या, मलिनरने बांधलेल्या सलूनने.

बघा ना, एका गाडीचे सुटे भाग गेले, पण इतिहास टिकला, म्हणून ती अस्सल ठरली. दुसरी गाडी अस्सलच होती, पण तिच्या नावावरची गोष्ट खोटी निघाली. दोन्हीकडे निकाल लावला तो तारखांनी आणि नोंदींनी. चकाकी, ऐकीव किस्से, ‘सगळ्यांना माहितीय’ हे काही कामाला आलं नाही.

तेव्हा मित्राने पुन्हा विचारलं तर चिडू नका. कपाटातून आजोबांचं आरसी बुक काढा, गॅरेजच्या जुन्या पावत्या शोधा आणि कुठला भाग कधी बदलला ते आजीला विचारून लिहून ठेवा. पार्ट बाजारात नवा मिळेल, आजीची आठवण मिळणार नाही.